बाबांच्या टाक्यांना रोज बेटाडीन लावायचं की नाही?

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय.

मागच्या मंगळवारी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. वय ६८, शुगर आहे. दुर्बिणीतून नाही, चिरा देऊन केलं, आत जाळी बसवलीय. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या व्यवस्थित लिहिल्यात, पण ड्रेसिंगपुढे नुसतं 'एसओएस', म्हणजे गरज पडली तर. आता गरज आहे की नाही हे आम्ही कशावरून ठरवायचं?

घरात प्रत्येकाचं वेगळं. आत्या डेटॉलची बाटली घेऊनच आली. खालचे काका म्हणतात हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, फेस आला की घाण निघाली समजायचं. मी आपली दिवसातून दोनदा बेटाडीन लावत होते. त्याने झालं काय, लेंग्याला डाग पडलेच, पण कातडीही इतकी तपकिरी झाली की खालचं काही दिसेना. आज सलाईनने रंग पुसला, तर खालच्या दोन टाक्यांपाशी लाली. हात लावला तर जरा गरम. पू नाही, वास नाही, ताप नाही. सर्जन सोमवारी येणार. तोवर काय लावू?

प्रतिसाद:
ताई, मी बरीच वर्षं ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सिस्टर होते. जंतुनाशकाचं मोठं काम चिरा देण्याआधीच होऊन जातं. क्लोरहेक्सिडीन घातलेलं स्पिरिट लावायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली हेच सुचवलं. टाके घातलेली कोरडी जखम साधारण ४८ तासांत वरून बंद होते. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर तिच्यावर रोज काही चोपडायची गरज नसते. पेरॉक्साइडचा फेस घाणीचाच असतो असं नाही, रक्त लागलं तरी तो येतो, आणि नवी कातडी धरणाऱ्या पेशी त्याने मरतात. डेटॉलने तर कातडी भाजू शकते. पुसायचंच झालं तर निर्जंतुक सलाईन.

पण लाली, गरमपणा, वर शुगर आणि जाळी, एवढं असताना सोमवारची वाट बघू नका. बॉलपेनने लालीची कड आखा, शेजारी वेळ लिहा आणि आजच ड्युटीवरच्या डॉक्टरांना दाखवा. जाळी असली की संसर्गावर ३० नाही, ९० दिवस नजर ठेवतात. ताप आला, पू आला, टाका उकलला किंवा लाली रेषेबाहेर गेली तर तडक कॅज्युअल्टी. आणि शुगर कधी मोजलीत?

धागाकर्ती:
सिस्टर, खूप आभार. शुगर उपाशीपोटी २३८ निघाली! ऑपरेशनच्या गडबडीत कोणी मोजलीच नव्हती. डॉक्टरांनी जखम दाबून पाहिली, गोळ्या बदलल्या, उद्या पुन्हा बोलावलंय. बेटाडीन बंद. रेष आखलीय, सकाळचे ११:२०, बाबा ती येईल त्याला दाखवताहेत. डेटॉलची रवानगी बाथरूममध्ये, आत्या जरा फुगल्यात.

आता एकच: मेडिकलवाल्याने सलाईनची ५०० मिलीची बाटली दिलीय. एकदा उघडली की ती किती वेळ चालते?