मोटाऊन द म्युझिकल: गाणी पन्नासच्या वर, पण बेसवाला कुठाय?

खर्ज_ठाणे:
नमस्कार मंडळी. ऑर्केस्ट्रात पंचवीस वर्षं बेस, म्हणजे खर्जाची गिटार, वाजवला, आता बोटं दुखतात म्हणून फक्त ऐकतो. २०१७ मध्ये मुलाकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा त्याने शाफ्ट्सबरी थिएटरात ‘मोटाऊन द म्युझिकल’ दाखवलं, म्हणजे अमेरिकेतल्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीवरचं संगीत नाटक. तिकीट काय पडलं ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

गाणारे एकेक तयारीचे, वाद नाही. पण गाणी पन्नासच्या वर! मुखडा झाला, अर्धा अंतरा झाला की दिवे बदलले, पुढचं गाणं. आम्ही वन्समोअर घेणारी माणसं, इथे पहिलंच पुरतं होईना. सौ. मात्र शेजारच्या गोऱ्या बाईबरोबर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

माझं दुखणं वेगळंच. बेसवाल्यांसाठी मोटाऊन म्हणजे त्यांच्या स्टुडिओत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन. उजव्या हाताच्या एका तर्जनीवर वाजवायचा. मोटाऊनच्याच फोर टॉप्स या गायकांचं ‘बर्नाडेट’ मी तरुणपणी कॅसेट मागे-पुढे करून बसवायला घेतलं. आठ दिवसांत अर्धं आलं, आणि कॅसेट गुंडाळली गेली. तारा तो कधी बदलत नसे. मळ साचल्यानेच तो आवाज येतो, असं त्याचं म्हणणं. (माझ्याही तारा बदलायच्या राहायच्या, पण त्याचं कारण मळ नव्हतं.) तर या माणसावर, त्या स्टुडिओतल्या वादकांवर, लक्षात राहील असा एकही प्रसंग मला दिसला नाही. माझा डोळा लागला होता का? ज्यांनी पाहिलंय त्यांनी सांगावं.

नोवीकर:
डोळा लागला नव्हता काका. मी न्यूयॉर्कला पाहिलं, २०१३ साली, लंट-फोंटॅन थिएटरात. नाटक लिहिलंय खुद्द मोटाऊनचा संस्थापक बेरी गॉर्डीने, स्वतःच्याच आत्मचरित्रावरून. आपली आरती आपणच ओवाळायची म्हटल्यावर निरांजन दुसऱ्याकडे कशाला वळेल?

तरी माणूस साधा नाही. मोटारीच्या कारखान्यात काम केलेला. १९५९ मध्ये घरच्यांच्या भिशीतून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन कंपनी काढली. गाणंही कारखान्यासारखंच तपासायचे. दर आठवड्याला बैठक, मतदान, आणि नापास झालं की कपाटात.

मी डेट्रॉईटजवळ राहतो, त्यामुळे पाहुणे आले की वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं ते मोटाऊनच्या जुन्या स्टुडिओचं घर दाखवणं माझ्याकडेच असतं. २६४८ नंबर. बाहेरून आपल्या एखाद्या बंगल्याएवढंच. स्टुडिओ ए इतका लहान की दहा-बारा वादक आत शिरल्यावर उदबत्ती लावायला जागा उरली नसेल. माळ्यावर आवाज घुमवण्याची पोकळी आहे, तिच्या भोकाखाली उभं राहून टाळी वाजवायची. माझी सासू तिथे ‘विठ्ठल’ म्हणाली, आणि तो विठ्ठल वर जाऊन परत आला.

१९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला हलली. वादकांना ते स्टुडिओच्या दारावरच्या चिठ्ठीवरून कळलं म्हणतात. हे नाटकात कोण घालणार?

मीरा_लेस्टर:
प्रत्येक नाटकात सगळ्यांचे हिशेब चुकते व्हायलाच हवेत का? आम्ही हे नाटक पाहिलं तेव्हा आमची आई इकडे इंग्लंडला आली होती. इंग्रजी यथातथाच. मोटाऊनची गायिका डायना रॉस हिचं काम करणारी मुलगी ‘रीच आउट अँड टच’ म्हणताना प्रेक्षकांतून माणसं स्टेजवर बोलावते, सगळ्यांना हात धरायला लावते. आईने डावीकडच्या अनोळखी आजोबांचा हात धरला तो गाणं संपल्यावरही सोडेना. आजोबा खूश, मी लाजून चूर. वादकांची गोष्ट हवी तर २००२ सालचा ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाऊन’ हा माहितीपट बघा, काका. पण रुमाल घेऊन बसा.

खर्ज_ठाणे:
मीराताई, आईंना नमस्कार सांगा. सौ. तुमच्याच पक्षात आहे. माहितीपट आज रात्रीच बघतो.

नोवीकर:
काका, एक सांगायचं राहिलं. नाटक सुरू कुठे होतं आठवतंय? १९८३, कंपनीच्या पंचविशीचा टीव्हीचा कार्यक्रम, पॅसाडिनाला. मायकल जॅक्सनने मूनवॉक केला तोच. सगळे जुने कलाकार आलेत, आणि गॉर्डी घरी रुसून बसलाय, जाऊ की नको करत. त्याच रात्री जेमरसन त्या सभागृहात होता. स्टेजवर नाही. पदरचे पैसे मोडून तिकीट काढलं आणि बाल्कनीत मागे बसला, असं सांगतात. ऑगस्टमध्ये गेला. ४७ वर्षांचा होता.

खर्ज_ठाणे:
हे माहीत नव्हतं. म्हणजे दोघं एकाच रात्री, आणि पडदा उघडला तो रुसलेल्यावर.

नोवीकर, पुढच्या खेपेला पाहुणे घेऊन गेलात की एक बघाल का? त्या स्टुडिओत जेमरसन नेमका कुठे बसायचा ते दाखवतात का? ड्रमच्या डावीकडे की उजवीकडे? मी नेहमी डावीकडे बसायचो.