लोगो झाकून गिटार निवडा म्हणे! एकाच कंपनीला चिकटणाऱ्यांची बाजू

तिरपी_तार:
लोगोमुक्त यांनी काल लिहिलंय की एकाच कंपनीच्या गिटारी घेत राहणारे म्हणजे बिनपगारी जाहिरातवाले, गिटार नेहमी लोगो झाकून वाजवायची, हाताला बरी वाटेल ती घ्यायची, बाकी कंपनी बिंपनी सगळं झूट. तिथंच दोन ओळी लिहिणार होतो पण डोकं इतकं फिरलं की वेगळं लिहितोय.

मी यामाहावाला. 'मोटरसायकलवाले ना?' हा विनोद करायचा असेल तर आत्ताच करून घ्या, कंपनी १८८७ साली रीड ऑर्गनपासून सुरू झाली, लोगोत तीन ट्यूनिंग फोर्क आहेत, मोटरसायकली फार नंतर आल्या. एफजी १८० ही अकूस्टिक गिटार निघाली १९६६ ला आणि तेव्हापासून ही एफजी मालिका चालूच आहे, कारखाने जपानमधून तैवान, इंडोनेशिया, चीन असे फिरले तरी. या नावाला ग्लॅमर शून्य. कुणी पोस्टरवर लावत नाही. मान्य.

पण लोगो झाकून वाजवल्यावर तुम्हाला कळतं ते फक्त त्या एका गिटारीबद्दल. मला माहिती हवी असते मी अजून न बघितलेल्या गिटारीबद्दल. भाच्याला घ्यायचीय, विद्यार्थ्याला सुचवायचीय, माझी प्रवासात फुटली आणि तशीच दुसरी हवीय, तेव्हा काय करू? कंपनीची सगळ्यात भारी गिटार किती भारी आहे यात मला रस नाही, सगळ्यात वाईट निघाली तर किती वाईट निघेल ते सांगा.

यामाहाच्या आधी मी एका मोठ्या कंपनीच्या प्रेमात होतो, नाव घेत नाही. मित्राकडे त्यांची एक गिटार होती, अप्रतिम. तेच मॉडेल, तोच रंग मी मागवला. माझ्या गिटारीचा नेक म्हणजे दांडा पिळलेला, फ्रेटच्या (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कडा बोटाला कापतायत, तारा अडकतात त्या ब्रिजच्या मागच्या कोपऱ्याखाली कागद सरकत होता, म्हणजे तो सुटत चाललेला. विकणारा म्हणतो या मॉडेलचं असंच असतं. अरे मग मित्राचं काय वेगळ्या झाडाचं होतं का? शितावरून भाताची परीक्षा करायची तर भात सगळीकडे सारखा शिजलेला लागतो, लोगोमुक्त साहेब.

आता कुठलीही एफजी हातात आली की मी साउंडहोलमधून (पुढचं गोल भोक) छोटा आरसा आणि टॉर्च घालून आत बघतो. ब्रेसच्या (आतल्या आधाराच्या काठ्या) कडेला गोंदाचे ओघळ आहेत का, कर्फिंगचे (कडेनं आतून चिकटवलेली खाचांची पट्टी) दात तुटलेत का, ब्रिजची प्लेट (ब्रिजखालचा आतला तुकडा) सरळ बसलीय का. जिथं गिऱ्हाईक कधीच बघणार नाही तिथं कामगारानं काय केलंय ते बघायचं. दर वेळी तेच स्वच्छ काम. याला मी निष्ठा म्हणतो, तुम्ही भक्ती म्हणा.

लोगोमुक्त:
वा, माझ्या नावानं आख्खा धागा. आभारी आहे.

निष्ठा नक्की कुणावर ते तरी ठरवा. कंपनी म्हणजे कोण? पीआरएस या गिटार कंपनीची एसई मालिका इंडोनेशियात कॉरटेक नावाची दुसरीच कंपनी बनवते, तीच कॉरटेक स्वतःच्या कॉर्ट नावानंही गिटारी विकते. जपानमधल्या फुजीगेननं आयबानेझ बनवल्या, १९८२ पासून फेंडर जपानच्या बनवल्या, ग्रेको बनवल्या. कारखाना एक, हेडस्टॉकवर (गिटारीच्या डोक्यावर) नावं वेगवेगळी. मग तुमची निष्ठा त्या कारखान्यावर की वरच्या स्टिकरवर?

आणि उलटं बघा. फेंडर १९६५ ला सीबीएस या प्रसारण कंपनीनं विकत घेतली. १९६४ ची स्ट्रॅट (फेंडरची इलेक्ट्रिक गिटार) वाजवून ज्यानं ठरवलं की आता आयुष्यभर फेंडरच, त्याच्या हातात सत्तरच्या दशकात तीन बोल्टचा नेक आणि ढिल्या खोबणीचे नमुने आले. गिब्सन नॉरलिन कंपनीकडे गेली तेव्हा त्यांच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारीची बॉडी थर चिकटवलेल्या सँडविचची झाली. नाव तेच, लोगो तोच, मालक वेगळा, गिटार वेगळी. १९८५-८६ मध्ये दोन्ही कंपन्या पुन्हा दुसऱ्या हातात गेल्या तेव्हा सुधारणा सुरू झाली. मधल्या काळात निष्ठावंतांनी काय केलं? पैसे भरले.

तुम्ही नशीबवान की तुमच्या कंपनीनं तुम्हाला अजून फसवलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

फ्रेटबझ:
दोघंही चुकताय. तुम्ही ज्याला 'बिल्ड' म्हणजे बांधणी म्हणताय त्यातलं निम्मं सेटअप आहे, म्हणजे नंतरची जुळवाजुळव.

तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, तार आणि फ्रेटमध्ये केसभर फट पाहिजे. बऱ्याच गिटारींना तिथं जवळपास खिडकी असते, नट म्हणजे नेकच्या टोकाची खाचांची पट्टी उंच ठेवून पाठवतात, कारण नट उंच असला की तार खरखरत नाही आणि गिटार परत येत नाही. मग सुरुवातीचे कॉर्ड बेसूर लागतात, बोटं दुखतात आणि गिऱ्हाईक म्हणतो कंपनी भंगार. यामाहावाले नट जरा नीट कापतात, एवढंच. फ्रेटच्या कडा कापतायत हा सुद्धा नेहमी कारखान्याचा गुन्हा नसतो, कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आकसतो, धातू आकसत नाही, कडा बाहेर येतात. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवा मग बोला. आणि कृपा करून ट्रस रॉड (नेकच्या आतली कांब) फिरवून ॲक्शन (तारांची उंची) कमी करायला जाऊ नका, तो नेकच्या बाकासाठी असतो, हे किती वेळा सांगायचं लोकांना, दर वेळी कुणीतरी रॉड मोडून आणतं आणि म्हणतं आपोआप झालं.

तिरपी_तार:
@फ्रेटबझ पिळलेला नेक कुठल्या आर्द्रतेत सरळ होतो ते सांग, तेवढी घरात ठेवतो.

फ्रेटबझ:
पिळलेला नाही होत. तेवढं तुझं बरोबर.

जुनं_स्प्रूस:
तुम्हा लोकांना सारखेपणाचं एवढं काय कौतुक? सारख्या विटा असतात. लाकूड झाडाचं आहे, एकाच फळीचे दोन टॉप सुद्धा सारखे वाजत नाहीत. मला मार्टिन कंपनीची एक गिटार मिळाली, तिच्याच बहिणी चार ठिकाणी वाजवून पाहिल्या, तिच्यासारखी एकही नाही. तीच तर मजा. सीएनसीवर (संगणकी मशीनवर) कापलेल्या शंभर गिटारी एका सुरात कंटाळा आणतात.

तिरपी_तार:
आवाज सारखा असावा असं मी कुठं म्हटलं? काम सारखं असावं. टेलर कंपनीनं १९९९ ला एनटी नेक आणला, मशीननं कापलेल्या खोबणीत बोल्टनं बसतो, नेकचा कोन बदलायचा तर आतल्या पातळ पट्ट्या बदलायच्या, झालं. जुन्या डव्हटेलमध्ये (गोंदानं चिकटवलेला सांधा) हेच काम म्हणजे वाफ देऊन सांधा सोडवायचा. मशीननं गिटारीचा जीव गेला नाही, दुरुस्तीवाल्याचा वाचला.

डावखुरा_कॉर्ड:
मी गप्प बसणार होतो पण 'लोगो झाकून वाजवा' हे वाचून राहवलं नाही.

काय वाजवू झाकून? दुकानात शंभर गिटारी टांगलेल्या असतात, त्यातली डाव्या हाताची एक असली तर असते, आणि ती पण सहसा कुणीतरी मागवून नेली नाही म्हणून उरलेली. आम्ही गिटार बघून घेत नाही, मागवून घेतो. न बघता, न वाजवता, वर तीन महिने थांबून. आमच्यासाठी कंपनीवरचा भरवसा ही चैन नाही, दुसरा मार्गच नाही. उजव्या हातानं वाजवणाऱ्यांनी निवड कशी करावी यावर भाषणं देऊ नयेत.

बिनधास्त_बारे:
मग उजव्या हातानं शिकायचं ना. गिटारवादक मार्क नॉफलर डावखुरा आहे, उजव्यानं वाजवतो. गॅरी मूर पण तसाच. दोन्ही हातांना काम सारखंच आहे की. नाहीतर उजवी घे, तारा उलट्या लाव, हेंड्रिक्सनं काय केलं? अल्बर्ट किंगनं तर तारासुद्धा बदलल्या नाहीत. रडायचं कशाला.

डावखुरा_कॉर्ड:
आलं, आलं. हेंड्रिक्स आला. मी वाटच बघत होतो.

हेंड्रिक्सची स्ट्रॅट होती. स्ट्रॅटला प्रत्येक तारेचं सॅडल (ब्रिजवर तार जिथं टेकते तो तुकडा) वेगळं सरकवता येतं, म्हणून उलट्या तारांचं इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरचा सूर, जुळवता येतं. अकूस्टिकला सॅडल म्हणून एकच पट्टी असते आणि ती मुद्दाम तिरपी बसवलेली असते, जाड तारेला जास्त लांबी पाहिजे म्हणून. तारा उलट्या लावल्या की जाड तार आखूड बाजूला येते, बाराव्या फ्रेटवर चढी लागते, बारीक तार उतरते. आत एक्सच्या आकारातल्या ब्रेसच्या खाली दोन बार तिरपे असतात तेही एकाच बाजूचे. नटच्या खाचा उलट्या मापाच्या. नेकच्या कडेवरचे फ्रेट ओळखायचे ठिपके समोरच्याला दिसतात, मला नाही. कटअवे (वरच्या फ्रेटपर्यंत हात जायला कापलेला कोपरा) वरच्या बाजूला. हे सगळं बदलायचं तर ब्रिज उखडून परत बसवायचा, मग उरलं काय?

आणि उजव्यानं शिकायचं होतं हे मला शाळेत पेन धरताना पण ऐकवलं होतं. तेव्हा पट्टी पण मिळाली होती. आता गिटारीवर पण तेच ऐकू? दोन्ही हातांना काम सारखं असेल तर तू उद्यापासून डाव्यानं वाजव, महिनाभरानं येऊन सांग किती सारखं आहे ते.

बिनधास्त_बारे:
अरे एवढं मनाला लावून घेऊ नकोस, साधा सल्ला दिला.

डावखुरा_कॉर्ड:
साधा सल्ला देणाऱ्यांनीच वात आणलाय आयुष्यभर.

आता खरी गोष्ट ऐका. एका बऱ्यापैकी नावाजलेल्या कंपनीकडून डाव्या हाताची म्हणून गिटार मागवली. खोका उघडला, दिसायला सुंदर. सूर लावला, ई कॉर्ड ठीक. वर गेलो की सगळं बेसूर. आधी वाटलं तारा जुन्या, बदलल्या, तरी तेच. शेवटी दिव्याखाली धरून बघितलं तर सॅडलचा तिरपेपणा उजव्या हाताचा! पिकगार्ड डाव्याचा, नट डाव्याचा, ठिपके डाव्याचे आणि ब्रिज सरळ उजव्याच्या ढिगातून उचलून बसवलेला. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की तपासणीत पास झालेली आहे. कुणी तपासली, उजव्या हातानं वाजवणाऱ्यानं?

यामाहा एफजी ८२० ची डावी आवृत्ती काढते. सॅडल डाव्याचं, जागच्या जागी. माझी निष्ठा त्या तिरप्या पट्टीवर आहे, समजलं?

जुनं_स्प्रूस:
बीटल्सचा मॅकार्टनी पण डावखुरा, त्याचा हॉफनर बेस व्हायोलिनच्या आकाराचा, दोन्हीकडून सारखा दिसतो. उलटा धरला तरी वेडावाकडा वाटत नाही.

डावखुरा_कॉर्ड:
दिसण्याबद्दल कोण बोलतंय इथं!!

फ्रेटबझ:
सॅडलच्या बाबतीत डावखुरा शंभर टक्के बरोबर आहे. माझ्याकडे अशी उलटी केलेली अकूस्टिक आली होती, मालक म्हणे नवीन तारा टाका, सूर लागत नाही. मी सॅडलची खाच भरून उलट्या तिरप्यात नवीन कापली. दिसायला घाण झाली, पण सूर लागला. बारे, तू जे सुचवतोयस ते इलेक्ट्रिकला चालतं. तिथंही तिरपा पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) उलटा होतो, जाड तारा ब्रिजच्या जवळून उचलल्या जातात, आवाज बदलतो. हेंड्रिक्सला तो आवाज चालला म्हणून सगळ्यांना चालेल असं नाही.

बिनधास्त_बारे:
बरं बाबा, अकूस्टिकपुरतं तुमचं. पण सुरुवातीला उजव्यानं शिकणं सोपं पडतं हे माझं मत कायम. माझी बायको डावखुरी आहे, उजव्यानं वाजवते, काही अडत नाही.

डावखुरा_कॉर्ड:
वहिनींना विचारून लिहिलंस का हे?

बिनधास्त_बारे:
आता घरच्यांवर जाऊ नकोस.

डावखुरा_कॉर्ड:
तूच आणलंस ना त्यांना धाग्यात!

तिरपी_तार:
अरे आवरा. मी कारखान्याच्या कामावर लिहिलं होतं.

लोगोमुक्त यांच्या सीबीएसच्या मुद्द्याला उत्तर राहिलं. बरोबर आहे, कंपनी हातची जाऊ शकते. पण निष्ठा म्हणजे काही लग्न नाही. माझी प्रत्येक एफजी आरशाच्या परीक्षेतून जाते, ज्या दिवशी ओघळ दिसतील त्या दिवशी मी पहिला ओरडेन. सीबीएसच्या काळात जे ओरडले नाहीत त्यांचा हिशोब माझ्या माथी नको. आणि कॉरटेकचं म्हणाल तर उलट तुम्हीच सिद्ध केलंत की गुण कारखान्यातच असतो. एसई घेणारा कॉरटेकच्याच भरवशावर घेतो, त्याला ते माहीत नसेल इतकंच.

लोगोमुक्त:
म्हणजे दर वेळी आत आरसा घालून तपासता. मग मी वेगळं काय सांगत होतो? तपासा, मग घ्या. फक्त तुम्ही एकाच रांगेतल्या तपासता, मी सगळ्या रांगांतल्या.

तिरपी_तार:
तुम्ही तपासून निवडता. मी आधी निवडतो, मग तपासतो. त्यामुळे मला तपासायला एक पुरते, तुम्हाला वीस लागतात.

लोगोमुक्त:
वीस वाजवण्यात मला मजा येते, तो आजार नाही.

डावखुऱ्या मंडळींपुरतं माझं वाक्य मागे घेतो. त्यांना निष्ठेची सूट मंजूर. उजव्या हातवाल्यांना नाही.

डावखुरा_कॉर्ड:
सूट मंजूर केल्याबद्दल सरकारचे आभार. तेवढा अध्यादेश त्या तपासणीवाल्यांना पण पाठवा.

फ्रेटबझ:
@डावखुरा_कॉर्ड तुझ्या त्या चुकीच्या सॅडलवाल्या गिटारीचं काय केलंस? पडून असेल तर ब्रिजचा जवळून फोटो टाक. प्लेट जागेवर असेल तर खाच बुजवून दुसरी कापता येईल, लाकूड पुरतंय का ते बघावं लागेल.

डावखुरा_कॉर्ड:
माळ्यावर आहे. रविवारी काढतो.

बिनधास्त_बारे:
विकायची असेल तर मला सांग, तारा उलट्या लावून वाजवेन. सॅडल तर उजव्याचंच आहे ना.