अनुभव धागा: नव्या मातीत पहिला नांगर धरणारे आपले आजे-पणजे

करंजीफूल

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन अमेरिकेतल्या नेब्रास्कात बिअॅट्रिस गावाजवळचं होमस्टेडचं, म्हणजे माळावर नव्यानं वसलेल्या शेतकऱ्यांचं, संग्रहालय बघून आले. तिथला १८६२ चा होमस्टेड कायदा सरळ होता: १६० एकर घ्या, पाच वर्षं तिथं राहून कसा, मग जमीन तुमच्या नावावर. माळावर झाड नाही, लाकूड नाही, म्हणून लोकांनी गवताच्या मुळ्यांसकट मातीचे चौकोनी ठोकळे कापून भिंती रचल्या. लेकीनं विचारलं, "आधी इथं कोण राहायचं?" ओटो-मिझूरिया लोक. त्यांना पुढं ओक्लाहोमात हलवलं. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आपल्यात असं कुणी होतं का, दुसरीकडं जाऊन शेती केलेलं?"

होतं की. आईचे आजोबा सासवडचे माळी. कऱ्हा नदीचं पाणी बेभरवशाचं, पण बागाईत हाताच्या रेषांत मुरलेली. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि सासवडकर एकेक करून बारामतीच्या अंगाला सरकले. तिथं जमीन होती, पाणी आलं होतं, पण उसाची सवय फारशी कुणाला नव्हती. आमच्याकडं कसब होतं, जमीन नव्हती. मग जमीन खंडानं, म्हणजे भाड्यानं, घ्यायची आणि ऊस लावायचा.

पणजोबा निघाले ते १९२० च्या आगेमागे. बैलगाडीत गुळाची काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, पालथी घातलेली आणि तिच्याखाली दोन पोरं झोपवलेली. वाटेत पाऊस लागला. त्यातला एक पोरगा म्हणजे आमचे आजोबा. काहिलीवर ताशा वाजल्यासारखा आवाज होत होता, हे ते म्हातारपणी जेवताना ताटावर बोटं वाजवून दाखवायचे. पहिली दोन वर्षं पाचटाच्या खोपीत गेली. रात्री पाण्याची पाळी आली की कंदील घेऊन दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला जायचं. हिवताप घरोघर. पणजी म्हणे, "पाणी बघून आलो, पण प्यायला धड विहीर नव्हती." कालव्याचंच पाणी फडक्यातून गाळून प्यायचे. आणि सासवडात सोयरीक काढली की उत्तर ठरलेलं: पाटावर, म्हणजे कालव्याकाठी, पोरगी देत नाही.

तुमच्या घरात अशी कोणती गोष्ट सांगतात? मोठी नसली तरी चालेल.

नीराकाठ

अगदी आमच्याच घरातलं वाचल्यासारखं वाटलं. आमचे आजोबा आणखी पुढं गेले, माळशिरस तालुक्यात. मंदीत गुळाचे भाव असे पडले की गाडीभाडं सुटेना. त्यात १९३२ साली सरकारनं बाहेरून येणाऱ्या साखरेवर संरक्षक जकात बसवली, आणि त्याच वर्षी सासवडच्या माळ्यांनी एकत्र येऊन माळीनगरला स्वतःच्या साखर कारखान्याची कंपनी काढली. ऊस लावणारेच भागीदार. आजीनं शेअरसाठी पाटल्या मोडल्या. पुढं दिवस बरे आले, नव्या पाटल्याही झाल्या, पण तिनं त्या कधी हातात घातल्या नाहीत. विचारलं की म्हणायची, "हात हलका बरा." रुसवा होता की सवय, देव जाणे.

उताराधनी

दुसरी बाजू मी सांगतो, राग मानू नका. आमची जमीन खंडानं दिलेली. आमचे आजोबा मूळ मालक, पण त्या वेळी कर्जात बुडालेले, म्हणून नगर जिल्ह्यातल्या एका खासगी कारखान्याला लांब मुदतीच्या करारावर देऊन बसले. १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला आणि कारखान्याकडची जादा जमीन सरकारजमा झाली. त्यात आमचीही गेली. आमचं कुटुंब खंडकरी म्हणून अर्ज, मोर्चे, तारखा करत राहिलं. आजोबा गेले, वडील थकले, आणि माझ्या हयातीत काही एकर परत मिळाले. मोजणीच्या दिवशी वडिलांनी बांधावरचं ढेकूळ उचलून रुमालात बांधलं. जुन्या गोष्टींबद्दल ते कधी फारसं बोलत नाहीत.

पाटाच्या पाण्याचं कौतुक जरूर करा. पण बेसुमार पाणी देऊन चोपण, म्हणजे क्षार साठून नापीक, झालेल्या जमिनीही बघा. आमच्या एका तुकड्यावर उन्हाळ्यात मीठ पांढरं फुटतं, लांबून कापूस वेचायचा राहिलाय असं वाटतं.

बामणोलीकर

आमचे आजोबा हौसेनं गेले नाहीत. १९६१ च्या आसपास कोयनेचं पाणी चढायला लागलं. अर्धं गाव डोंगरावर सरकलं, अर्ध्याला सोलापूर जिल्ह्यात जमीन मिळाली. आजोबा तिकडं गेले. भात आणि नाचणीवर वाढलेली माणसं काळ्या रानात. आजीला ज्वारीची भाकरी थापता येईना, परातीतच मोडायची. शेजारच्या बाईनं शिकवलं, तीच पुढं तिची एकमेव मैत्रीण. गावातले बाकीचे बरीच वर्षं आम्हाला "धरणवाले" म्हणत.

वर राहिलेल्यांचं तरी काय सुख? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात चुलत आजोबांचं घर बसलं. आजही तिकडं जायचं तर शिवसागरातून, म्हणजे कोयनेच्या जलाशयातून, लाँचनं. लाँच मधोमध आली की वडील हात जोडतात. खाली देऊळ आहे.

वाल्पापडी

माझी गोष्ट उसनी आहे. आमच्या आगरातल्या शेजारी आजी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू; शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांच्या घरातल्या. त्यांची बहीण इस्रायलला गेली, नेगेवच्या वाळवंटातल्या दिमोनात. पत्रं मराठीत यायची. एकात लिहिलेलं, "इथली माती भट्टीतल्या विटेसारखी आहे. कढीपत्त्याचं बी पाठव, आणि मलिद्याला पोहे कुठं मिळतात ते काही कळलं नाही." बी पाठवलं. दोन वर्षांनी उत्तरात वाळलेलं एक पान आलं. पोस्टात वास उडून गेला होता, तरी आजी ते नाकाशी धरून बसल्या.

भटक्या_जोशी

मॉरिशसला तीन वर्षं होतो. तिथल्या मराठी सहकाऱ्याचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून मजूर-करारावर आलेले. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे ढीगच ढीग, काही तर दुमजली घराएवढे. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "आमचे म्हातारे." म्हणजे त्यांनी शेतातून वेचून रचलेले.

करंजीफूल

@उताराधनी, राग कसला. तुमचं वाचून रात्रीच मामाला फोन केला. विचारलं, पणजोबांनी खंडानं घेतलेली पहिली जमीन कुणाची होती? मामाला किती एकर, किती खंडी गूळ, सगळं पाठ. मालकाचं आडनाव मात्र आठवेना. "कुणीतरी देशमुख का काय," म्हणाला.

काहील मात्र आहे. गोठ्यामागं म्हशी तिच्यातनं पाणी पितात. कडेला तांब्याचं ठिगळ आहे. फोटो मागवलाय, आला की इथं टाकते.