८-० च्या पुढचंही बघूया

एका दादांनी लिहिलंय की २०२२ च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये आपल्या १७ वर्षांखालच्या मुली अमेरिकेकडून ८-० नं हरल्या, मग यांच्यावर खर्च कशाला? तिन्ही सामने हरल्या आणि एकही गोल झाला नाही, हे खरंच आहे. पण मूळ स्पर्धा २०२० ची होती. कोरोनात ती रद्द झाली आणि तिच्यासाठी तयार केलेल्या मुली वयात बसेनाशा झाल्या. नवा संघ पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागला. त्यात ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, आपल्या देशाच्या फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं, स्पर्धा जेमतेम दोन महिन्यांवर असताना! अमेरिकेच्या पोरी तोवर वर्षानुवर्षं स्पर्धात्मक सामने खेळून आल्या होत्या.

आणि २०२५ बघा की. २० वर्षांखालच्या संघानं म्यानमारला त्यांच्याच मैदानावर १-० नं हरवून आशिया कप गाठला. त्यानंतर १७ वर्षांखालच्या पोरींनी उझबेकिस्तानला २-१ नं हरवलं आणि त्याही पात्र ठरल्या. २०२२ सारखी यजमान म्हणून आयती जागा मिळाली नव्हती, जिंकून घेतली.

आपल्याकडं कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतं. इथलाच अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला. मुलींना मात्र वर्षभर चालणारी वयोगटाची लीग हवी, चार दिवसांची स्पर्धा नको. पेठांतल्या तालमींनी मुलींचा एकेक संघ काढला तर सुरुवात याच हंगामात होईल. माझ्या पुतणीला घेऊन मी पहिल्या दिवशी हजर असेन.