मदत हवी आहे: बुडालेल्या खाणीत डायव्हिंग, पाय खाली जातात

नमस्कार मंडळी, अमेरिकेत मिसूरीतल्या बॉन टेर खाणीत डाइव्ह करायचं फार मनात आहे. शिशाची खाण, १९६२ मध्ये बंद पडली. उपसा थांबला आणि पाण्याने भरली. डोक्यावर खडक, म्हणजे घाबरून सरळ वर येणं नाहीच. हवेचा एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव, हे पाठ आहे.

माझी अडचण गाळाची. परवा सरावात एक फिन (पायातलं पोहायचं पातं) तळाला घासली, गाळ उसळला आणि क्षणात हातातला हवेचा गेजही दिसेना. वाट दाखवणारी दोरी दोन बोटांत धरून बाहेर आले. अजून छाती धडधडते.

फ्रॉग किक (बेडकासारखे पाय बाजूला फाकवून) मारतानाही पाय खाली झुकतात. वजनं कमरेवरून वर, टाकीच्या पट्ट्यावर घेऊ का? आणि डोळे मिटून दोरीचा सराव जमिनीवर कोणी केलाय का? कृपया सविस्तर सांगा.