घरातले जुने मोडी कागद विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावेत का?

माळरान:
शिरोळ तालुक्यात आमच्या पाहुण्यांचा जुना वाडा उतरवायला काढलाय. माळ्यावर दोन ट्रंका भरून कागद निघालेत, सनदा म्हणजे सरकारनं दिलेली हक्कपत्रं, महजर म्हणजे गावकऱ्यांच्या साक्षीनं लिहिलेले निवाडे, वतनाच्या वादाचे कागद, आणि तळाशी गावच्या सोसायटीच्या जुन्या कीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या. घरात दोन तट पडलेत, एकजण म्हणतोय पूर्वजांचं आहे घरातच राहू दे, दुसरा म्हणतोय विद्यापीठाला देऊन टाकू. माझं मत, द्यावेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात हस्तलिखितं जपतात, आणि १९६२ ला विद्यापीठ निघालं तेव्हा पहिले कुलगुरूच इतिहासकार होते, आप्पासाहेब पवार, त्यांनी ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड संपादित केले आणि ते विद्यापीठानंच छापले. म्हणजे या कामाची कदर तिथं पहिल्यापासून आहे. शिवाय आमचा भाग पुराचा, २००५, २०१९, २०२१, तीनदा पाणी बघितलं. २०१९ ला सांगलीत वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली. छापील पुस्तक दुसरीकडं कुठंतरी मिळेल, घरचा महजर कुठनं आणणार?

कृष्णाकाठ:
दादा, पुराचं पटतं, बाकीचं नाही. कागद गावातनं गेला की गावातलं कोण परत बघायला जात नाही. इतिहासकार वासुदेवशास्त्री खरे मिरजेला शाळेत शिकवायचे, तिथल्या पटवर्धन संस्थानिकांची दप्तरं तिथंच होती म्हणून नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं वाचत बसले आणि त्यातनं ऐतिहासिक लेख संग्रहाचे खंड निघाले. तीच दप्तरं तेव्हा लांब कुठंतरी नेली असती तर त्या मास्तरांनी काय केलं असतं? इतिहासकार वि. का. राजवाडे यांचं बघा, १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढण्यात ते पुढं होते, तरी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आणि त्यांचा संग्रह धुळ्यात आहे, आणि अभ्यासक धुळ्याला जातातच. आणि सगळं एका छपराखाली ठेवलं की काय होतं ते ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेत बघितलं आपण, एका हल्ल्यात पोथ्या फाटल्या, कपाटं पालथी झाली. स्कॅन करा, स्कॅन विद्यापीठाला द्या, मूळ घरात ठेवा.

माळरान:
खऱ्यांचं उदाहरण इथं लागू होत नाही. ती संस्थानची दप्तरं होती, रुमालात बांधलेली, सांभाळायला पगारी कारकून होते. इथं काय आहे, ट्रंकेत कसर लागलीय, घरात मोडी वाचणारा माणूस राहिलेला नाही. आणि प्रेमापोटी लोक काय करतात माहितेय का, झेरॉक्सच्या दुकानात नेऊन सनद लॅमिनेट करून आणतात, फाटलं तर सेलोटेप लावतात. प्लॅस्टिक एकदा गरम करून बसवलं की नंतर काढता येत नाही, काढायला गेलं की शाई त्याच्याबरोबर निघून येते. मी हे दोन घरांत बघितलंय आणि जीव हळहळला.

मोडीवाली:
मी लिप्यंतर करते म्हणून दोन्ही बाजूंना सांगते. कृष्णाकाठ दादा, स्कॅनवर भिस्त ठेवू नका. लोक मोबाईलवर पुढची बाजू काढतात आणि पाठ राहून जाते. लांब कागद असेल तर पाठीमागं जोडावर शिक्का असतो, कागद अस्सल आहे का आणि मधला तुकडा कुणी बदललाय का ते तिथं कळतं. महजरात तर सह्यांच्या जागी निशाण्या असतात, पाटलाचा नांगर असतो, कारागिरांची आपापली हत्यारं असतात, गावात कोण कोण त्या दिवशी बसलं होतं ते सगळं त्या खालच्या कोपऱ्यात.

पण माळरान दादा, कागद दिला की तो सुरक्षित झाला असंही समजू नका. आमच्या ओळखीतल्या एका घरानं एका संस्थेला बाडं दिली, नातू बघायला गेला तर दाखलनोंदच सापडेना. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह त्यांच्याच नावानं ठेवलाय, असंच पाहिजे. एका घरचे कागद फोडून सनदा एका कपाटात आणि पत्रं दुसऱ्या कपाटात गेली की कुठला कागद कशाला जोडून आला होता हेच हरवतं.

चावडी:
कीर्दींबद्दल कुणीच बोलत नाय म्हणून लिहितोय. सनद सगळ्यांना पाहिजे असते, शिक्का असतो, फोटो झकास येतो. पण सोसायटीच्या कीर्दीत बैलासाठी कर्ज कुणी काढलं, विहिरीसाठी कुणी, लग्नासाठी कुणी, दुष्काळात कुणाची वसुली थकली हे असतं, ज्यांच्या नावावर कधी सनद नव्हती ती माणसं तिथं सापडतात. ग्रंथालयवाले कीर्दी नको म्हणाले तर ट्रंका देऊ नका, माझं एवढंच म्हणणं.

कृष्णाकाठ:
चावडी भाऊंशी शंभर टक्के सहमत. अजून एक, २०२३ पासनं कुणबी नोंदींसाठी सगळीकडं मोडी कागद शोधणं चाललंय. अशा वेळी मूळ कागद घराबाहेर गेला तर उद्या पोराच्या जातीच्या दाखल्याला लागला तेव्हा कुणाच्या दारात उभं राहायचं?

माळरान:
उलट म्हणतो मी. ट्रंकेतनं अचानक निघालेल्या कागदाकडं संशयानं बघतात, कधी आला, कुठनं आला, मध्ये कुणी हात लावला, कोण सांगणार? ग्रंथालयात आलेल्या तारखेची नोंद असली, पानं मोजलेली असली तर निदान त्या दिवसापासनं पुढचं तरी कुणी नाकारू शकत नाही. आणि गरज फक्त आपल्या घराला नाही, महजरात ज्यांची नावं आहेत त्या बारा घरांनाही आहे. त्यांना आमच्या पाहुण्यांच्या दारात येऊन कागद दाखवा म्हणायला लागू नये. भावकी कशी असते ते तुम्हाला माहितेय.

मोडीवाली:
हे शेवटचं मला पटलं. मग देताना आधी घरातच प्रत्येक कागदाला पेन्सिलनं नंबर घाला, बॉलपेन अजिबात नको, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, यादीच्या दोन प्रती करून त्यांच्याकडनं सही-शिक्का घ्या, आणि संग्रह फोडणार नाही, घरच्यांना नक्कल मिळेल हे लेखी घ्या. लेखी द्यायला तयार नसतील तर थांबा.

कृष्णाकाठ:
यादी करायला मी येतो, मोडी जुजबी येते. पण मूळ कागदाबाबत माझं मत तेच आहे. विद्यापीठानं कोल्हापुरात बसून घेण्यापेक्षा तालुक्याच्या कॉलेजात वरच्या मजल्यावर एक कोरडी खोली आणि एक माणूस द्यावा, कपाटं आम्ही वर्गणी काढून देतो.

चावडी:
खोली मिळंल, माणसाचा पगार कोण देणार ते पण सांगा.