स्त्री पाळक आहे म्हणून मंडळीशी सहभागिता तोडावी का?

बेरियाकर

जून २०२३ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतील बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या (चर्चच्या) संघाची वार्षिक सभा झाली. कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक मंडळीला संघाबाहेर ठेवण्याचा निर्णय प्रतिनिधींनी त्या सभेत ९,४३७ विरुद्ध १,२१२ मतांनी कायम केला. या मंडळीने २०२१ मध्ये तीन स्त्रियांना पाळकपदाची (पास्टरपदाची) दीक्षा दिली होती. त्याच सभेत लुइव्हिलच्या फर्न क्रीक मंडळीला वगळण्याचा निर्णयही कायम झाला, आणि तिथे तर एक स्त्री सुमारे तीस वर्षे पाळक म्हणून सेवा करत होती.

माझी भूमिका आधीच स्पष्ट करतो. नव्या करारातील पौलाच्या १ तीमथ्य या पत्राचे अध्याय २ आणि ३ वाचल्यावर वडिलाचे, म्हणजे मंडळीचे नेतृत्व करणाऱ्या पाळकाचे, पद पुरुषांसाठी आहे असेच मला वाटते, आणि ते सांगायला मला संकोच नाही. मात्र त्रैक्य, वधस्तंभ, पुनरुत्थान आणि विश्वासाने मिळणारे तारण या सर्व बाबतींत जी मंडळी आपल्यासारखाच विश्वास धरते, तिच्याबरोबर सुवार्ताप्रसाराचे काम याच एका कारणाने थांबवावे, हे मला वचनाला धरून वाटत नाही. सॅडलबॅकचे संस्थापक पाळक रिक वॉरन यांनी सभेत हेच मांडले की संघाच्या संपूर्ण विश्वासपत्राशी (श्रद्धेच्या लिखित निवेदनाशी) आपले मतभेद केवळ एका शब्दापुरते आहेत.

जुनी वाट

बेरियाकर, आपला मुद्दा समजला, पण तो एक शब्द कोणता हे पाहायला हवे. २००० साली सुधारलेल्या विश्वासपत्रात स्त्री आणि पुरुष दोघांनाही सेवेची दाने मिळाली आहेत हे मान्य केले आहे, आणि त्याच वाक्यात पाळकपद पुरुषांपुरते मर्यादित ठेवले आहे. संघाने लिहून ठेवलेली गोष्ट संघ पाळत नसेल, तर ती लिहायचीच कशाला? बॅप्टिस्ट पद्धतीत प्रत्येक मंडळी स्वायत्त असते. सॅडलबॅकची इमारत, तिचे प्रवचनपीठ किंवा तिचे सभासद कोणी काढून घेतले नाहीत. आम्ही यापुढे तुमच्याबरोबर एकत्र काम करणार नाही, एवढेच संघाने सांगितले.

शिवाय स्त्रीने शिकवू नये वा पुरुषावर अधिकार चालवू नये, या १ तीमथ्य २:१२ मधील मनाईचे कारण पौल इफिससमधल्या चालीरीतींत शोधत नाही. तो थेट आदाम आणि हव्वेपर्यंत मागे जातो. ज्या आज्ञेचे मूळ बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात आहे, ती काळानुसार बदलते असे म्हणायला सुरुवात केली की विवाहाच्या व्याख्येवरही हीच पद्धत वापरली जाईल. मला खरी काळजी त्याची आहे.

लुदिया

जुनी वाट यांच्या काळजीचा मी आदर करते, पण त्यांचा युक्तिवाद त्यांनी स्वतःच शेवटपर्यंत नेलेला नाही. १ करिंथ ११:८-९ मध्ये पौल उत्पत्तीचाच आधार घेतो, आणि तिथे प्रश्न स्त्रीने मस्तक झाकण्याचा आहे. ज्या मंडळ्यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये मतदान केले, त्यांपैकी बहुतेकांत स्त्रिया उघड्या डोक्याने प्रार्थनेला बसतात आणि त्यासाठी कोणालाही संघाबाहेर काढले जात नाही. म्हणजे उत्पत्तीचा आधार असलेली आज्ञासुद्धा आपण संदर्भात ठेवून वाचतो. फक्त कोणती वाचायची हे आपणच ठरवतो.

आता २:१२ मधील ‘अधिकार चालवणे’ यासाठी आलेले ग्रीक क्रियापद पाहा. ‘ऑथेंतेइन’ हा शब्द संपूर्ण नव्या करारात या एकाच ठिकाणी आहे. अधिकारासाठी पौल एरवी वापरतो तो शब्द त्याने इथे वापरलेला नाही. त्याचा अर्थ योग्य अधिकार गाजवणे असा आहे की बळकावून सत्ता चालवणे असा, यावर शास्त्राचे निष्ठावान अभ्यासकही एकमत नाहीत. हाच पौल रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फिबीला किंख्रियातील मंडळीची सेविका म्हणतो आणि यूनियाचे नाव प्रेषितांच्या संदर्भात घेतो. करिंथच्या सभेत स्त्रिया प्रार्थना करतात आणि संदेश देतात, हेही तो गृहीत धरतो.

रोमकरांस पत्र मला एका वयस्क भगिनीने शिकवले. तिच्या वहीत प्रत्येक वचनासमोर ग्रीक शब्द आणि खाली तिची प्रार्थना लिहिलेली असे. त्या वर्गात पुरुषही बसत, आणि आपल्यावर कोणी अधिकार गाजवत आहे असे त्यांच्यापैकी एकाही बंधूला वाटल्याचे मी ऐकले नाही.

जुनी वाट

लुदियाताई, त्या भगिनीच्या सेवेबद्दल देवाची स्तुती असो. प्रिस्किल्लेने अपुल्लोला अधिक अचूकपणे शिकवले, फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत, हे कोणीच नाकारत नाही. प्रश्न शिकवण्याच्या दानाचा नसून वडिलाच्या पदाचा आहे, आणि प्रेषितांची कृत्ये वा पत्रे यांत स्त्री वडील असल्याचे एकही स्पष्ट उदाहरण नाही. मस्तक झाकण्याबाबत आपण मला अडचणीत टाकले आहे, हे मान्य करतो. झाकणे ही त्या काळाची खूण होती आणि मस्तकपण, म्हणजे पुरुष हा स्त्रीचे मस्तक असणे, हे तत्त्व होते, असे माझे उत्तर आहे. ते आपल्याला अपुरे वाटेल याची मला जाणीव आहे.

बेरियाकर

माझ्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. ज्या मंडळीत कोणत्याही प्रकारची स्त्री पाळक आहे ती संघात राहू शकणार नाही, अशी घटनादुरुस्ती २०२४ मध्ये इंडियानापोलिस येथे मतदानाला आली. तिला सुमारे ६१ टक्के मते मिळाली, पण दोन-तृतीयांश लागत असल्यामुळे ती पडली. २०२५ मध्ये डॅलस येथेही तसेच झाले. म्हणजे पदाबद्दल माझ्यासारखेच मत असलेल्या पुष्कळ प्रतिनिधींनाही ते मत घटनेतली अट व्हावे असे वाटत नाही.

दुसरी गोष्ट मी जड मनाने लिहीत आहे. मे २०२२ च्या चौकशी अहवालातून असे समोर आले की लैंगिक अत्याचाराचे आरोप असलेल्या सेवकांची नावे संघाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे नोंदवली जात होती, आणि पीडितांना मात्र मंडळ्या स्वायत्त असल्यामुळे आपण काही करू शकत नाही असे सांगितले जात होते. तिथे आड येणारी स्वायत्तता स्त्री पाळकाच्या प्रश्नात आड आली नाही.

जुनी वाट

तो अहवाल वाचून मलाही लाज वाटली. तरीही फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे अहवालाच्या आधीच, लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या पाळकांना पदावर ठेवणाऱ्या दोन मंडळ्यांना वगळले होते, हेही नोंदवायला हवे. एका ठिकाणी कसूर झाली म्हणून दुसरीकडे शिस्त सोडून द्यावी, हे मला पटत नाही.

लुदिया

प्रवचनपीठ कोणी काढून घेतले नाही, या वाक्याबद्दल शेवटचे लिहिते. ऑगस्ट १९६४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅमच्या एका मंडळीने ॲडी डेव्हिस यांना दीक्षा दिली. सदर्न बॅप्टिस्टांमध्ये पाळकपदाची दीक्षा मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत्या. त्यांचेही पद कोणी काढून घेतले नाही. दक्षिणेतील एकाही सदर्न बॅप्टिस्ट मंडळीने त्यांना पाळक म्हणून बोलावलेच नाही, आणि त्या दूर व्हरमाँटमध्ये, दुसऱ्या बॅप्टिस्ट संघाच्या एका लहानशा मंडळीची सेवा करायला गेल्या.